झगमगाटाचा मक्ता टाचेकडे नाही

लग्नसराई जवळ आली की एक सल्ला हमखास कानावर पडतो. साडीच्या दुकानात, पार्लरमध्ये, थोरल्या नणंदेकडून, सगळीकडून तोच: "साडी कितीही भारी घे, पायात हील्स नसतील तर ती खुलायची नाही." नव्या नोकरीत रुजू होणाऱ्या मुलीला हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं जातं. सपाट चप्पल घातली की बाई काकूबाई दिसते. मुलाखतीला, स्टेजवर, कॅमेऱ्यासमोर जायचं तर दोन-तीन इंच टाच हवीच. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो, समोरची मुलगी देखणी दिसावी एवढंच त्याला हवं असतं. म्हणूनच या सल्ल्याचा नीट समाचार घ्यायला हवा. वाईट हेतूने दिलेला सल्ला बायका झिडकारतात. मायेने दिलेला चुकीचा सल्ला मात्र मुकाट्याने पाळतात, आणि त्यात आपले पाय, गुडघे आणि पगाराचा एक हिस्सा घालवून बसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. रुबाब, झगमगाट, ग्लॅमर, काय म्हणायचं ते म्हणा, ते अंगावर नीट बसलेल्या कपड्यातून आणि मोकळ्या चालीतून येतं. त्यासाठी उंच टाच लागत नाही, आणि मोठी रक्कमही लागत नाही.

आधी आपल्याच मांडवात बघू. मराठी मुलीच्या आयुष्यात सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळतात तो क्षण कोणता? समोर अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टकं चालू असतात आणि ती पाटावर उभी असते. अंगावर शालू किंवा पैठणी, कपाळावर मुंडावळ्या, नाकात नथ, हातभर हिरवा चुडा. आणि पायात काहीच नसतं. सप्तपदी ती अनवाणी चालते. तिच्या पायांवर मेंदी असते, पैंजण असतात, नुकतीच घातलेली जोडवी असतात, कारण आपल्या परंपरेत पाऊल हीही दागिना घालायची जागा आहे. त्या घटकेला मांडवातलं कुणीही म्हणत नाही की नवरी आणखी तीन इंच उंच असती तर जास्त शोभली असती. तीच मुलगी संध्याकाळी रिसेप्शनला उंच सँडल चढवते आणि दोन-तीन तासांत सोफ्याआड पाय त्यातून बाहेर काढून बसते. सकाळी अनवाणी असताना तिच्यात काय कमी होतं, याचं उत्तर हील्सच्या पुरस्कर्त्यांनी द्यावं.

मुळात टाचेला हा मान मिळाला कुठून? बाईच्या सौंदर्यासाठी तिचा जन्म झालेला नाही. इराणी घोडेस्वारांच्या बुटांना टाच असायची ती पाय रिकिबीत घट्ट राहावा म्हणून. धावत्या घोड्यावर रिकिबीत उभं राहून बाण सोडताना पाय निसटला तर सगळंच संपलं. १५९९ साली इराणच्या शाह अब्बासचं शिष्टमंडळ युरोपकडे निघालं. त्याच सुमाराला युरोपातल्या दरबारी पुरुषांना इराणी तऱ्हांची ओढ लागली आणि टाच त्यांच्या बुटांना आली. घोड्यावरून उतरल्यावर ती टाच कुठल्याच कामाची नव्हती, आणि नेमकं तेच तिचं मोल ठरलं. ज्याला चिखल तुडवायचा नाही, ओझं वाहायचं नाही, शेतात राबायचं नाही, त्यालाच असलं पादत्राण परवडतं, हे ती जगाला दाखवत होती. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचं चित्रकार रिगोने १७०१ साली रंगवलेलं चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. त्यात राजाच्या बुटांच्या लाल टाचा ठळक दिसतात. बायकांनी टाच उचलली ती पुरुषांकडून. पुढे अठराव्या शतकात पुरुषांनी ती सोडून दिली, आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर बायकांच्या पायांतूनही ती बराच काळ गेली. नेपोलियनची जोसेफीन सम्राज्ञी झाली ती सपाट, नाजूक चपलांच्या जमान्यात. आज जिला आपण स्टिलेटो म्हणतो ती सुईसारखी टाच तर १९५० च्या दशकातली. आत पोलादी सळई घालण्याचं तंत्र आल्यावर ती उभी राहू शकली. म्हणजे बाईच्या सौंदर्याचा जणू सनातन नियम म्हणून आपल्याला जी सांगितली जाते, ती आपल्या आजीच्या वयाची आहे.

टाचेचा मूळ अर्थ 'मला चालावं लागत नाही' असा असेल, तर तो कुणाला लागू पडतो ते बघा. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणारी, दादरला पूल ओलांडून बस धरणारी, दिवसभर काउंटरमागे किंवा फळ्यासमोर उभी राहणारी, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन जिने चढणारी बाई चालते, खूप चालते. तिच्या चालण्यावर घर चालतं. तिला 'तू चालत नाहीस असं दाखव, मगच सुंदर दिसशील' असं सांगणं तिच्या सगळ्या जगण्याला कमी लेखणं आहे. मला या सल्ल्यातलं सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

ज्यांना ग्लॅमरचा पुरावा रुपेरी पडद्यावरूनच हवा असतो त्यांच्यासाठी तोही आहे. फ्लॉरेन्सचा नामवंत चर्मकार साल्वातोरे फेरागामो याने १९५४ साली ऑड्री हेपबर्नसाठी सपाट बॅलेरिना चप्पल बनवली. १९५७ च्या 'फनी फेस' चित्रपटात हेपबर्न पॅरिसच्या एका अंधाऱ्या कॅफेत नाचते. अंगात काळी तंग पँट, काळा बंद गळ्याचा स्वेटर, पायात सपाट काळे बूट. एकही दागिना नाही, एकही चमचमणारी गोष्ट नाही. इतक्या वर्षांनीही तो वेश जगभर उचलला जातो, आणि त्यात असं काहीच नाही जे मध्यमवर्गीय मुलीला परवडू नये. ब्रिजित बार्दोने १९५६ साली पॅरिसच्या रेपेतो या बूट बनवणाऱ्या कंपनीकडून लाल बॅलेरिना करून घेतली, आणि त्या काळात तिच्याइतकी नजर खेचून घेणारी नटी शोधून सापडली नसती.

यावर लगेच उत्तर येतं: हेपबर्न उंच होती, शिडशिडीत होती, तिला काहीही शोभलं असतं. ठीक आहे, तिला बाजूला ठेवू. आपल्या वाईच्या यमुनाबाई वाईकरांकडे या. त्यांची ख्याती बैठकीच्या लावणीची. बैठकीची लावणी म्हणजे बसून करायची अदाकारी. सगळं काही नजरेत, भुवईत, मानेच्या वळणात आणि हाताच्या बोटांत. बसलेल्या बाईची उंची कोण मोजतो? तरीही तिच्यावरून नजर हलत नाही. यमुनाबाईंना १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली ती या ताकदीसाठी. आणि उभ्याने नाचायची लावणी असली तरी फडावरची कलावंत पायात जड चाळ बांधून, अनवाणीच नाचते. नऊवारी, भरगच्च अंबाडा, गजरा, कमरपट्टा, आणि जमिनीवर आख्खं टेकलेलं पाऊल. महाराष्ट्राला ग्लॅमर म्हणजे काय हे त्या पावलांनी शिकवलं. बालगंधर्वांच्या भूमिका बघून घरंदाज बायकांनी काय उचललं, तेही आठवा: साडी नेसण्याची ढब, केसांची रचना, वागण्यातली नजाकत. उचलण्याजोगं होतं ते सगळं घोट्याच्या वरचं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. सपाट चपलेवर साडी 'पडते', असं बायका अनुभवानेच सांगतात, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. चुकतं ते कारण. साडी पडते कारण ती टाचेच्या हिशेबाने नेसलेली असते. फॉल-पिको करताना, परकर शिवताना, निऱ्या खोचताना मनात दोन-तीन इंच टाच धरलेली असते. ऐनवेळी पायात सपाट चप्पल येते, काठ जमिनीवर लोळतो, बाई तो उचलत चालते आणि बुटकी, ओढलेली दिसते. दोष चपलेवर जातो. उपाय बिनपैशाचा आहे: चप्पल आधी घालायची, मग परकर बांधायचा, मग साडी नेसायची. काठ पावलावर टेकेल पण जमिनीला लागणार नाही इतका वर. एवढ्याने निम्मा फरक पडतो.

दुसरं म्हणजे परकर. नाडीचा, भरपूर घेराचा सुती परकर कमरेखाली गोळा होतो आणि साडीची सरळ रेघ मोडतो. फिश कटचा किंवा सरळ शिवलेला परकर साध्या साडीला जे रूप देतो ते महागड्या सँडललाही देता येत नाही. निऱ्या अरुंद घ्याव्यात, आदल्या रात्री इस्त्री करून पिना लावून ठेवाव्यात. पदर लांब सोडावा, पोटरीपर्यंत येऊ द्यावा. खांद्यावरून खाली सरळ उतरणारी ती एक रेघ डोळ्याला उंचीचा भास देते, कारण डोळा इंच मोजत नाही, रेघ वाचतो. ज्यांची उंची कमी आहे त्यांनी वीतभर रुंद काठ टाळून बारीक काठ निवडावा. रुंद काठ देहाचे तुकडे करतो. कुर्त्यालाही हेच लागू. घोट्याच्या हाडाच्या जरा वर संपणारी सिगारेट पँट, पुढे थोडी निमुळती असलेली जुती, आणि घोट्याला बांधायचा पट्टा नको, कारण तो पायाची रेघ नेमकी नको तिथे तोडतो.

ब्लाउजबद्दल तर मी हट्टाने बोलते. पैसे घालायचेच असतील तर ते शिंप्याकडे घाला. मुंढ्यात नीट बसलेला, पाठीत न फुगणारा, बाहीला न काचणारा ब्लाउज सुती इरकलीलाही दरबारी थाट देतो. आणि ढगळ ब्लाउजावर पैठणी नेसली तरी ती उसनी दिसते. एका उंच ब्रँडेड सँडलच्या पैशात चांगल्या शिंप्याकडून एकापेक्षा जास्त ब्लाउज होतात. त्यात एक खणाचा करून घ्या. तो आईच्या जुन्या नारायणपेठीवर चालतो आणि कोऱ्या एकरंगी साडीवरही. आईची साडी कपाटात घडीवर विरत असेल तर बाहेर काढा, पॉलिशला द्या, कडक इस्त्री करा. चुरगळलेली नवी साडी आणि कडक इस्त्रीची जुनी साडी शेजारी उभ्या करा, लोक कुठलीला नवी म्हणतात ते बघा. दागिन्यांत एकच जागा निवडायची. तुळशीबागेतली ठुशी घातली तर कानात बारीक कुड्या. मोठे झुमके घातले तर गळा मोकळा. अंबाडा जरा वर बांधला की मान लांब दिसते, आणि मोगऱ्याच्या गजऱ्याचं काम कुठलाही हेअरस्प्रे करत नाही.

एक गोष्ट मात्र सपाट चपलेची मागणी आहे आणि ती मान्य करायला हवी. तिच्यात पाऊल दिसतं, म्हणून पाऊल नीट हवं. टाचांना भेगा पडलेल्या असतील तर कोल्हापुरी कितीही सुंदर असो, नजर भेगांवर जाते. पण याला पेडिक्युअरची हजारांची बिलं लागत नाहीत. आंघोळीच्या वेळी वजरी, आणि रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून त्यावर कोकमाचं तेल. कोकणात आणि गोव्यात भेगांवर हेच तेल, म्हणजे भिरंडेल, लावतात ते पिढ्यान्‌पिढ्या.

खर्चाचा हिशेब तर कुणी पूर्ण मांडतच नाही. "सेलमध्ये स्वस्त मिळाल्या" म्हणून आणलेल्या हील्सची किंमत लेबलावर संपत नाही. टाचेखालची टोपी झिजते, मोची ती पुन्हा पुन्हा बसवून देतो. चालवत नाही म्हणून जिथे दहा मिनिटं पायी गेलो असतो तिथे रिक्षा होते. पिशवीत दुसरी चप्पल बाळगावी लागते, म्हणजे जोड दोन झाले. साडीच्या फॉलमध्ये टाच अडकते, टाके उसवतात, क्वचित साडीच फाटते. आणि एवढं करून ती सँडल वर्षात मोजक्या वेळा घातली जाते, मग कपाटावर पडून तिचं रेक्झिन सोलपटून निघतं. जिच्या हातात महिन्याकाठी स्वतःसाठी म्हणून थोडीच रक्कम उरते तिला हा सौदा कुणी कोणत्या तोंडाने सुचवावा?

शरीराची किंमत वेगळीच. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. उंच टाचेच्या बुटात चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडणारा ताण अनवाणी चालण्यापेक्षा सरासरी २३ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं. वयाबरोबर सांध्याची झीज जास्त होते तीही गुडघ्याच्या याच भागात. वर्षानुवर्षं टाच वापरली की पोटरीचे स्नायू आखूड होतात आणि मग सपाट चपलेतही पाय दुखतो. तेव्हा बाईला वाटतं, 'मला हील्सच मानवतात.' ही सवय आहे, तिला प्रकृती समजू नये. इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायला हवं: सपाट आहे म्हणून प्रत्येक चप्पल चांगली ठरत नाही. कागदासारख्या पातळ तळव्याच्या बॅलेरिना टाचेला आणि कमानीला काहीच आधार देत नाहीत. दिवसभर फरशीवर उभं राहणाऱ्या बाईची टाच त्यात दुखणारच. तळवा बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मध्यातून दुमडू नये, आणि टाचेखाली बोटभर जाडी असावी. दुपारनंतर, पाय जरा सुजलेले असताना खरेदी करावी. दुकानात आरशासमोर उभं राहून भागत नाही, चालून बघावं.

'व्यावसायिक दिसण्यासाठी टाच लागते' हा दावा जगाने एव्हाना बऱ्याच ठिकाणी मोडीत काढला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनच्या एका कार्यालयात निकोला थॉर्प रिसेप्शनवरच्या कामाला गेली. दोन ते चार इंच टाच नाही म्हणून तिला बिनपगारी परत पाठवलं गेलं. अशी सक्ती बंद व्हावी या तिच्या अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी जानेवारी २०१७ मध्ये त्यावर अहवाल दिला. त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणि फिलिपिन्सने नोकरीत टाचेची सक्ती करायला मनाई केली. २०१९ मध्ये जपानमध्ये युमी इशिकावाने अशीच मोहीम उभारली, आणि पुढच्या वर्षी जपान एअरलाइन्सने हवाई सेविकांना सपाट बूट घालायची मुभा दिली. आपल्याकडे २०२२ साली सुरू झालेल्या आकासा एअरने गणवेशातच स्नीकर्स दिले. विमानात त्या मुली काही कमी नीटनेटक्या किंवा कमी देखण्या दिसत नाहीत, हे प्रवाशांनी पाहिलं आहे. मग आपल्या शहरांतल्या दागिन्यांच्या पेढ्यांवर आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षांत दिवसभर टाचांवर उभ्या राहणाऱ्या मुलींना हे कधी सांगायचं?

माझा वाद आणखी एका बाजूशी आहे, आणि तिथे बरेचदा माझ्याच मैत्रिणी उभ्या असतात. त्या म्हणतात, मुळात नटायचं कशाला? आराम महत्त्वाचा, दिसण्याचा विचार करणं हीच गुलामी. हे मला पटत नाही. नटण्याची हौस क्षुद्र नाही. महिनाभर राबून, घरातल्या सगळ्यांचं करून एखादी बाई संध्याकाळी चांगली साडी नेसते, काजळ घालते, गजरा माळते, आणि चारचौघांत तिच्याकडे कौतुकाने पाहिलं जावं असं तिला वाटतं, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? ही हौस पैसेवालीने केली की ती शैली, आणि बेताच्या पगारावर जगणारीने केली की नसता सोस, असा दुजाभाव आपण करत आलो आहोत. आराम आणि नटणं यांतलं एकच निवड, अशी अट दोन्ही बाजू बाईला घालतात. हील्सवाले म्हणतात नटायचं तर सोस. साधेपणावाले म्हणतात सोसायचं नसेल तर नटू नकोस. मी दोन्ही अटी नाकारते.

सपाट पादत्राण म्हणजे हलक्या दर्जाचं, या समजाचा शेवटचा बुरूज तर मिलानमध्येच ढासळला. २२ जून २०२५ रोजी प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्स उघड उघड कोल्हापुरीच्या घडणीच्या चपला घालून चालले, आणि कोल्हापूरचं नाव मात्र कुठेही नव्हतं. महाराष्ट्रातून आवाज उठला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीने मान्य केलं की या चपलांची प्रेरणा भारतातल्या पारंपरिक हस्तकलेची आहे. वर्षअखेरीस तिने महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्याच कारागिरांकडून चपला बनवून घेण्याचं जाहीर केलं, सुमारे ८०० युरोंना एक जोड. जी चप्पल आपल्या मुलींना 'लग्नात नको, साधी दिसते' म्हणून काढायला लावली जाते, तिच्यासाठी युरोपातल्या श्रीमंतांनी एवढे पैसे मोजायचे आहेत. आपल्या डोळ्यांनी ती ओळखायला मिलानची साक्ष लागावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या चपलेत आहे तरी काय, ते एकदा हातात घेऊन बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, खिळ्याचं नाव नाही. वर बारीक विणलेली वेणी, बाजूचे कान, आवडत असेल तर लाल गोंडा. वेणी घालणं, नक्षीकाम, शिवण यांतलं बरंचसं काम कारागिरांच्या घरातल्या बायका करतात. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाली असे तिचे घाट आहेत. नाजूक कापशी रेशमी साडीखाली दिसली की ती दागिन्यासारखीच दिसते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. ती सुरुवातीला चावते हे खरं. तेल लावून, घरात थोडी थोडी वापरून ती पायाला सरावते आणि मग वर्षं टिकते. पावसात घालायची नाही, एवढं तिचं पथ्य.

आणि इथे बजेटची गोष्ट जबाबदारीने बोलायला हवी. 'पायातली वहाण पायातच बरी' म्हणत आपण चप्पल आणि ती बनवणारा समाज दोघांनाही शतकानुशतकं खालच्या पायरीवर ठेवलं. संत रोहिदासांचं नाव घ्यायचं आणि चर्मकाराच्या हातातल्या कसबाला शंभर-दोनशे रुपयांसाठी पिळायचं, हे चालणार नाही. थोड्या पैशांत छान दिसायचं म्हणजे कारागिराच्या मजुरीत कपात करायची, असा अर्थ मला अजिबात अभिप्रेत नाही. वाचवायचे ते पैसे न वापरल्या जाणाऱ्या तीन जोड्यांवरचे. त्यातून एक चांगला जोड, कारागीर सांगेल त्या भावाने घ्यावा.

चपलांच्या दुकानदारांशीही थोडं बोलायचं आहे. 'पार्टी वेअर' लिहिलेल्या फळीवर टाचाच टाचा आणि सपाट चपला मात्र 'डेली वेअर'मध्ये, ही मांडणी तुम्ही केलेली आहे, गिऱ्हाइकाने नाही. जरीकामाची, मऊ अस्तराची, टाचेखाली पुरेशी गादी असलेली सपाट चप्पल रुंद पावलांच्या मापातही ठेवा. आपल्याकडच्या कित्येक बायकांची पावलं पुढून रुंद असतात. निमुळत्या साच्यात ती कोंबून त्यांना वर 'तुमचे पाय जाड आहेत' असं सांगू नका. आणि गिऱ्हाइकांनो, तशी चप्पल फळीवर दिसली नाही तर मागा. मागूनही मिळाली नाही तर कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने त्याची रेघ काढा आणि चांभाराकडे किंवा कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत ते माप द्या. साडीचा रंग दाखवा, वेणी कशी हवी ते सांगा. लग्नाच्या तारखेआधी पुरेसे दिवस हातात ठेवून सांगा, म्हणजे ती घरात घालून पायाला सरावेल आणि शिंप्याकडे परकराचं माप द्यायला जाताना तीच चप्पल पायात असेल.